हवा कुठून जाते

फरीदाबादला आमच्या सेक्टरच्या आठवडी बाजारात ती मला पहिल्यांदा भेटली. ती भाजीवाल्याकडे अळूची पानं मागत होती आणि तो तिच्या पिशवीत मुकाट्याने अरबी, म्हणजे अळूचे कंद, भरत होता. "अरे बाबा, नीचे का नहीं, ऊपर का! पत्ते!" असं म्हणत ती हातांनी पानाचा आकार काढून दाखवत होती. मी मध्ये पडले. जे तो उपटून फेकून देतो तेच हिला हवंय, असं त्याला समजावलं आणि मग तिला विचारलं, "वड्या करायच्यात का?"

तिने माझं मनगटच पकडलं. "अगंबाई! तुम्ही आपल्यातल्या?"

मी इथेच जन्मले. वडील नोकरीसाठी फरीदाबादला आले ते इथलेच झाले. मी दातांची डॉक्टर, मार्केटच्या पहिल्या मजल्यावर माझं छोटंसं क्लिनिक आहे. नवरा गुरुग्रामच्या ऑफिसात, मुलगा बाहेर शिकायला, घरी आई. बाजारात भेटलेली ती मात्र साताऱ्याकडची. तिचा नवरा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि इथल्या एका कारखान्यात सुरक्षा बघायला लागला, म्हणून ते दोघं आमच्या पलीकडच्या सेक्टरमध्ये राहायला आले होते. ती माझ्याहून थोडी मोठी, पन्नाशीला टेकलेली. महिन्याभरात आम्ही तुम्हीवरून तूवर आलो.

माझं मराठी घरापुरतं. आईशी बोलायचं, नवऱ्याशी अर्धं हिंदीत भांडायचं, एवढंच. तिच्यासोबत बसलं की मला कळायचं आपल्याकडे किती शब्दच नाहीत. मी कशालाही क्रॅक म्हणायचे. त्यावर ती हसायची. "टाचेला भेग पडते, लाकडाला चीर जाते, काचेला तडा जातो, दाराला फट असते. तुमच्या दिल्लीत सगळ्याला एकच?" आईला ती फार आवडायची. ती आली की आई टीव्ही बंद करायची. हा मान आमच्या घरात दुसऱ्या कुणालाच नव्हता.

पेंटबॉलचा नाद आम्हाला तिच्या नवऱ्याच्या कारखान्यामुळे लागला. त्यांचा फॅमिली डे होता, गुरुग्राम रोडवरच्या एका मैदानावर. ती मलाही घेऊन गेली. दोन गट, तोंडावर मुखवटे, हातात दाबलेल्या हवेवर चालणारं यंत्र, त्यातून सुटणाऱ्या रंगाच्या गोळ्या. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. त्या यंत्राला तिथे कुणी बंदूक म्हणत नाही, मार्कर म्हणतात. ती टायरांच्या ढिगामागे पालथी पडली ती उठलीच नाही. कारखान्याचे तरणेताठे सुपरवायझर एकेक करून रंगून बाहेर येत होते आणि "गोळी आली कुठून" म्हणून मागे बघत होते. मी तिच्या बाजूला पडून नुसती हसत होते. खेळ संपला तेव्हा माझ्या कोपरांची सालं निघालेली आणि मी कित्येक वर्षांत झाले नव्हते इतकी खूष.

मग आम्ही रविवारी सकाळी जायलाच लागलो. मैदानावर सगळी कॉर्पोरेटची पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी "आंटी लोग, ज़रा संभल के" म्हटलं. दुसऱ्या महिन्यात तीच पोरं गट पाडताना "आंटी हमारी तरफ़" म्हणून भांडत होती. तिच्या नवऱ्याने लग्नाच्या वाढदिवसाला तिला स्वतःचा मार्कर घेऊन दिला होता. मैदानावरच्या भाड्याच्या धुडांपुढे तो हलका, देखणा, काळाभोर. ती तो मऊ फडक्यात गुंडाळून आणायची. मी भाड्याचाच वापरायचे.

पुढच्या पावसाळ्यानंतर तिचा भाऊ, जो जहाजावर असतो, तिच्यासाठी नवा मार्कर घेऊन आला. त्याच्या आधीचे काही रविवार तीही भाड्याचाच वापरत होती. मनगट दुखतंय, हलका मार्कर उडतो, असं काहीतरी म्हणाली होती. नवा आला त्या रविवारी खेळ संपल्यावर तिने सगळ्यांना थांबवलं, फडक्यातून जुना मार्कर काढला आणि माझ्या हातात ठेवला. "ये मेरी पार्टनर है," ती पोरांना म्हणाली, "आज से ये इसका." मग मला हळूच, "माझ्या जिवाचा तुकडा आहे, जपून वापर." पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी शिट्टी मारली. मी मुखवटा काढला नाही, कारण डोळे भरून आले होते. सासर, माहेर, नातेवाईक सोडून कुणी मला इतकं मोठं काही कधी दिलं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्याला हवेची टाकी जोडली आणि आतून आवाज आला. बारीक, न थांबणारा, कुणी दातांतून श्वास सोडावा तसा.

"नव्या माणसावर रुसलाय," ती म्हणाली.

मैदानावरच्या माणसाने लांबूनच कान देऊन सांगितलं, "ओ-रिंग होगी, मैडम." मला तर बरंच वाटलं. ओ-रिंग म्हणजे सांध्यात बसणारं रबराचं काळं कडं, माझ्या रोजच्या कामातलं. दात कोरायचं माझं यंत्रही हवेवरच चालतं आणि त्याची कडी झिजली की तेही असंच फुसफुसतं. मी म्हटलं, हे मी घरी दुरुस्त करते. ती म्हणाली, "मी येते मदतीला."

अशी आमच्या रविवारांची दुसरी पाळी सुरू झाली. सकाळी खेळ, मग टाकी भरून घेऊन घरी, जेवण, आणि दुपारी गच्चीवर सतरंजी टाकून दुरुस्ती. थंडी सुरू झाली होती, ऊन हवंहवंसं होतं. आई भुईमुगाच्या शेंगा आणि किन्नू संत्री आणून ठेवायची.

आधी टाकीच्या तोंडाचं कडं बदललं. आवाज कमी झाला, थांबला नाही. मग साबणाचं पाणी केलं. ती फवारायची, मी बघायचे. जिथे फेस फुगेल तिथे गळती. फेस मुठीच्या सांध्यात फुगला. तो सांधा उघडला, कडी बदलली, ग्रीस लावलं, जोडलं. फेस पुन्हा तिथेच. मी वाचून काढलं की हवा आतून वाट काढत दुसरीकडून बाहेर पडू शकते, तेव्हा फेसावर पूर्ण विश्वास ठेवायचा नाही. ती म्हणाली, "मग नळीकडून असेल." गोळी सुटते त्या नळीत बोट घालून पाहिलं तर खरंच थोडी हवा लागत होती. मग आतला दट्ट्या काढला, त्याची कडी बदलली. नळीतून येणारी हवा बंद झाली. आम्ही दोघी टाळ्या पिटत उठलो. आई वर धावत आली, काय झालं म्हणून. आणि तेवढ्यात पुन्हा तोच आवाज, मुठीपासून.

"आता दाब सांभाळणारा तो तुकडा राहिला बघ," ती म्हणाली. "रेग्युलेटर. त्याच्या आतलं कडं."

त्याच्या आतलं कडं कुठे मिळेना, म्हणून आम्ही मेट्रोने करोल बागेला गेलो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या गल्लीत. दुकानदाराने डबाभर काळी कडी आमच्यापुढे ओतली. "कौन सी गाड़ी, मैडम?"

"गाडी नहीं है," ती म्हणाली.

"बाइक?"

"वो भी नहीं."

"तो आप लगाएँगी कहाँ?"

तिने गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "इनके दाँत में. डॉक्टर हैं." तो माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला. आम्ही हसून हसून बाहेर पायरीवर बसलो. मग छोले-कुलचे खाल्ले, तिने आईसाठी एक शाल घेतली, परतताना मेट्रोत ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

ते कडंही बसवलं. गळती तशीच.

त्या हिवाळ्यात मी हे किती वेळा उघडलं आणि जोडलं ते सांगता येणार नाही. ती दर वेळी शेजारी. स्क्रू हातात धरणार, फडकं देणार, गावाकडच्या गोष्टी सांगणार. टाकी जोडायची वेळ झाली की म्हणायची, "दाब कमीच ठेव गं." आणि उठून खाली आईबरोबर चहा ठेवायला जायची. मी जोडायचे, कान जवळ न्यायचे आणि खाली ओरडायचे, "अजून येतोय!" ती वरून दिसेल अशी अंगणात येऊन म्हणायची, "जाऊ दे, ठेवून दे आता. कपाटात शोभेल." मी म्हणायचे, तू दिलेली वस्तू मी कपाटात ठेवणार आहे का?

फेब्रुवारीत एका दुपारी क्लिनिकमध्ये पेशंटने ऐनवेळी येणं रद्द केलं. मार्कर पिशवीत होताच. मी तो खुर्चीजवळच्या ट्रेमध्ये पूर्ण सुटा केला, डोळ्यांना भिंगाचा चष्मा लावला, वरचा दिवा ओढला. इतके दिवस मी कडीच बघत होते. त्या दिवशी मी धातू बघितला.

जिथे रेग्युलेटर मुख्य अंगात आट्यांनी बसतो, तिथे आट्यांच्या वर एक रेघ होती. काळ्यावर काळी. पण तिथला काळा जरा वेगळा होता, थोडा चकचकीत. दुसऱ्या डॉक्टरने भरलेला दात मला लगेच ओळखता येतो, रंग कितीही जुळवलेला असो. कडेला फरक राहतोच. मी दात तपासायची टोकदार सळई त्या रेघेवर फिरवली. टोक अडकलं. हलकेच खरवडलं तर घट्ट झालेल्या चिकट पदार्थाची साल निघून आली. खाली तडा. आट्यांतून निघून आत खोल गेलेला, केसाएवढा.

कडी बदलून हे कधीच थांबणार नव्हतं. आणि माझ्या क्लिनिकमधल्या कॉम्प्रेसरपेक्षा कितीतरी पट दाबाची हवा मी या तड्यावर सोडत होते आणि कान लावून ऐकत होते. पण पहिला विचार आला तो तिचाच. बिचारीला दुकानदाराने फसवलं. फुटका माल भरून, रंगवून तिच्या नवऱ्याला विकला. हे तिला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं.

क्लिनिक बंद करून मी तशीच तिच्या घरी गेले. ती आणि नवरा चहा पीत बसले होते. मी सुटा भाग टेबलावर ठेवला. "दादा, तुम्हाला फसवलंय हो दुकानदाराने," मी म्हटलं. "हे बघा. तडा गेलेला होता, भरून दिलाय. आम्ही दोघी उगाच कडी बदलत बसलो."

त्यांनी भाग हातात घेतला, खिडकीपाशी नेला, हसले. "दुकानदार कुठला? हे मीच भरलंय. तुम्ही नव्हता त्या रविवारी हिने मैदानावर हरल्याच्या रागात दगडावर आपटलं, सांगितलं नाही का?" आणि मग त्यांचं हसू जरा थांबलं. "पण वहिनी, तुम्ही याला हवा लावता? मी हिला म्हटलं होतं, हे आता नुसतं शोभेचं. हवा लावायची नाही. तुम्हाला सांगूनच दिलं ना हिने?"

मी तिच्याकडे बघितलं. ती बशीकडे बघत होती. मग दादांनी भाग टेबलावर ठेवला आणि "आलोच" म्हणून ते बाहेर गॅलरीत गेले. फौजेतला माणूस, पण त्या क्षणी तिथे थांबायचं धैर्य त्यांना झालं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"सांगणार होते गं."

"कधी?"

"त्याच दिवशी. कपाटात ठेव म्हणूनच देणार होते, आठवण म्हणून. पण सगळी पोरं उभी होती. तोंडातून निघून गेलं, आज से ये इसका. टाळ्या वाजल्या. तू रडत होतीस. तेव्हा कसं सांगू, की फुटकं आहे?"

"दुसऱ्या दिवशी सांगायचं."

"दर रविवारी ठरवून यायचे. आज सांगू, आज सांगू. आणि तू साबणाचं पाणी करून वाट बघत असायचीस." तिने बशी बाजूला सरकवली. "मला वाटलं कंटाळशील, सोडून देशील. तू सोडेचना."

"मी तोंडाजवळ धरत होते ते."

"दाब कमी ठेव म्हणायचे की मी."

"आणि खाली जायचीस. चहा ठेवायला."

खरं तर मला ते तोपर्यंत सुचलंही नव्हतं, बोलता बोलता तोंडून गेलं. पण तिचा चेहरा पांढरा पडला आणि मला कळलं की मी बरोबर बोलले. तिने मुद्दाम ठरवून केलं असेल असं मला आजही वाटत नाही. तिच्या पायांना माहीत होतं, एवढंच.

"रेग्युलेटरचं कडं बघ, असं तूच म्हणाली होतीस," मी म्हटलं. "करोल बागेला तूच घेऊन गेलीस. तिथे ते मिळणार, त्याने काही होणार नाही, हे माहीत असून."

"मजा आली होती ना पण?" ती म्हणाली. अगदी लहान मुलीसारखं. आणि लगेच तिलाच कळलं की हे बोलायला नको होतं.

मी भाग उचलला आणि घरी आले. पुढच्या आठवड्यात दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये जाऊन तो टेबलावरच्या पकडीत धरून करवतीने मधोमध कापला आणि दोन्ही तुकडे भंगारात दिले. पुन्हा कुणी त्याला भरून, रंगवून हवा लावू नये म्हणून. लॅबवाला विचारत होता, "मैडम, इतना अच्छा पीस क्यों काट रही हैं?" मी म्हटलं, "टूटा हुआ है." त्याला काहीच दिसलं नाही.

मैदानावर मी दोनदा गेले. ती आली नव्हती. पोरांनी विचारलं, "दूसरी आंटी नहीं आईं?" मी तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. का सांगितलं, माहीत नाही. तिची अब्रू मी का झाकावी? पण तिच्याबद्दल त्या पोरांना वाईट काही सांगणं मला जमलं नाही. मग मीही जाणं सोडलं.

लोक म्हणतील, एका खेळण्यासाठी एवढं? नवरा तर म्हणालाच. "उसने जान-बूझ के थोड़ी किया. माणूस लाजतो, राहून जातं." त्याचं खरं आहे. तिने लाजून लपवलं, हे मी समजू शकते. एकदा लपवलेलं पुढे लपवत राहावं लागतं, हेही. माझ्या खुर्चीत रोज माणसं दुखणारा दात लपवतात. पण मी तिला माझ्या दुपारी दिल्या होत्या. ऊन, शेंगा, माझ्या आईचा चहा. आयुष्यात पहिल्यांदा मला अशी मैत्रीण मिळाली होती, जिच्याबरोबर काही न बोलताही काम करत बसता येत होतं. आणि त्या सगळ्या वेळात ती एकटीच वेगळ्या ठिकाणी बसलेली होती. मला शोधताना बघत. मी आठवायला बसले की तिचं प्रत्येक हसणं मला पुन्हा तपासावंसं वाटतं, आणि तपासून काही हाती लागत नाही.

एप्रिलमध्ये दादांना पुण्याकडे नोकरी मिळाली. जाण्याच्या आधी ती क्लिनिकमध्ये आली. बाहेर पेशंट बसले होते, ती त्यांच्या रांगेत बसून राहिली, नंबर आल्यावर आत आली. हातात लांब पिशवी. भावाने आणलेला नवा मार्कर.

"हा ठेव," ती म्हणाली. "हा चांगला आहे. आईची शपथ."

मी तो घेतला असता. एका क्षणासाठी हात पुढे गेलाही होता. पण मग माझ्या तोंडून निघालं, "तपासून घ्यावा लागेल."

मी टोमणा मारायला बोलले नव्हते. तेच खरं होतं. मी तो घेतला असता तर रात्रीच सुटा केला असता, दिव्याखाली, भिंग लावून, एकेक आटा बघत. आणि काही सापडलं नसतं तरी पुन्हा बघितलं असतं.

तिने पिशवीची चेन लावली. "बरोबर आहे तुझं," म्हणाली. आईला भेटायला घरी जाऊ का, असं विचारलं. मी म्हटलं, जा ना. ती गेली होती, हे मला संध्याकाळी आईकडून कळलं. दोघी बराच वेळ बसल्या होत्या. आईला यातलं काहीच माहीत नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नाही. आईने तिला अळूवड्या बांधून दिल्या, प्रवासासाठी.

पुण्याहून तिचे फोन आईला येतात. आई स्पीकर लावते, म्हणजे मलाही ऐकू यावं. मी आतल्या खोलीत काम करत असते. बोलणं संपत आलं की आई हाक मारते, "अगं, तिला बोलायचंय तुझ्याशी." मी हात ओले आहेत म्हणते.